कल्हईचे कथील आणि शिशाची भेसळ

कापडाच्या व्यापाऱ्याने भांड्यांवर लेख का लिहावा, असे काही वाचकांना वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे आमच्या दुकानासमोरच्या लिंबाखाली माझ्या लहानपणी एक कल्हईवाले चाचा बसत आणि वडिलांनी दुपारी दुकानाचा पडदा ओढला की मी तिथे जाऊन उभा राही. दुसरे कारण माझ्या एका चुकीचे आहे. ते पुढे ओघात येईलच.

आष्टीसारख्या गावात चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी घरोघरी तांब्या-पितळेची भांडी होती. हंडा, कळशी, घंगाळ, पातेली, परात, तपेले, शिवाय मुसलमान घरांतून देग, लगन, सीनी आणि पानदान. ही भांडी नाशिक, पुणे, भंडारा अशा ठिकाणच्या कारागिरांकडून जालना-परभणीच्या कासारांकडे येत आणि तेथून आमच्याकडे. मुलीला लग्नात द्यायची भांडी वजनावर घेतली जात. जुने मोडीत द्यायचे, त्याचे वजन करून तेवढा भाव वळता करायचा, नव्याची घडणावळ रोखीने मोजायची, असा सरळ व्यवहार होता. भांडे म्हणजे घरातली ठेवच होती. अडीनडीला ते गहाणही पडे.

पण तांबे आणि पितळ यांत एक खोड आहे. आंबट पदार्थ लागला की ते झिजते आणि हिरवा जंग धरते. ताक, चिंचेचे सार, लिंबाचे लोणचे, टोमॅटो घातलेले कोरमे यांना ते चालत नाही. असे अन्न कळकते. कळकलेले अन्न खाल्ले की मळमळ आणि ओकाऱ्या ठरलेल्या. म्हणून आतून कथलाचा पातळ मुलामा द्यायचा. त्याचेच नाव कल्हई. कथील आंबटाला पुष्कळ दाद देत नाही, चवही बिघडवत नाही. तांब्याची आच पटकन आणि सगळीकडे सारखी पोचते आणि आतून कथील अन्न सांभाळते. बिर्याणीसाठी यापेक्षा चांगले भांडे अजून कोणी काढलेले नाही, असे आमच्याकडचे बावर्ची सांगतात आणि मला ते पटते.

काम कसे चालते

चाचा जमिनीत हातभर खड्डा खणत. त्यात कोळसा आणि बाजूने चामड्याच्या भात्याची नळी. भांडे आधी साफ करायचे. जुना तेलकट थर कॉस्टिक सोड्याने काढायचा, डाग असले तर पातळ केलेल्या तेजाबाने. मग वाळू आणि राख घालून घासायचे. मोठे भांडे असले तर त्यांचा मुलगा त्यात उभा राही आणि दोन्ही पायांनी अंग इकडून तिकडे फिरवत भांडे घासून काढी. आम्हा पोरांना तो नाचच वाटे. त्याच्या पायांची काय गत होत असेल, हे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही.

यानंतरचे काम मात्र उस्तादाचे. भांडे निखाऱ्यावर धरून फिरवायचे. योग्य ताव आला की नवसागराची चिमूट टाकायची. भसकन पांढरा धूर उठतो आणि तांब्याच्या अंगावरचा उरलासुरला गंज जळून जातो. नवसागर नसेल तर कथील तांब्याला चिकटतच नाही, पाण्यावरच्या तेलासारखे गोळा होते. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. ती वितळली की कापसाच्या बोळ्याने एका झपाट्यात गोल फिरवत पसरायची. ताव कमी पडला तर कथील गुठळ्या धरते, जास्त झाला तर पिवळे-निळे पडून जळते. शेवटी पाण्यात बुडवायचे. चर्र आवाज होतो आणि भांडे आतून चांदीसारखे बाहेर येते.

हा थर फार पातळ असतो. रोजच्या वापरातल्या पातेल्याची कल्हई दोन-तीन महिन्यांत उडते, खानावळीत त्याहूनही लवकर. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवायचे नसते, लोखंडी उलथन्याने खरवडायचे नसते. आजच्या सुना गॅस मोठा करून रिकामे पातेले तापवतात आणि मग कल्हईवाल्याला बोल लावतात. यात त्याचा दोष नाही.

कथील येते कुठून

आपल्या देशात कथील फार थोडे निघते. छत्तीसगडच्या बस्तर भागात, दंतेवाडा-सुकम्याकडे त्याचे खनिज सापडते, पण देशाची बहुतेक गरज आयातीवरच भागते. मलाया आणि इंडोनेशिया ही त्याची जुनी ठिकाणे. इंडोनेशियाचे बांका बेट तर कथलासाठीच प्रसिद्ध आहे. मलायाच्या किनाऱ्यावर पूर्वी कलाह नावाचे बंदर होते. अरब व्यापारी तेथून हा धातू भरत, त्यावरून त्याला कलई नाव पडले, असे जाणकार सांगतात. त्याचीच मराठीत कल्हई झाली. उर्दू शाळेत आम्हाला 'कलई खुलना' हा मुहावरा होता. वरचा मुलामा उडून आतले उघडे पडणे, असा त्याचा अर्थ. मास्तरांनी वाक्यात उपयोग करायला सांगितला की अर्धा वर्ग चाचांचेच उदाहरण देई.

या धातूचा बाजार मोठा लहरी आहे. उत्पादक आणि ग्राहक देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय कथील मंडळ चालवले होते. भाव पडू लागले की मंडळ स्वतः माल उचलून भाव धरून ठेवी. ऑक्टोबर १९८५ मध्ये मंडळाचे पैसेच संपले. लंडनच्या धातू बाजारात कथलाचे सौदे बंद ठेवावे लागले आणि भाव जवळजवळ निम्म्यावर आला. मलेशियातल्या कितीतरी खाणी त्यानंतर बंद पडल्या. पुढे इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत सांधे जोडायला कथील लागू लागले आणि भाव पुन्हा चढले. मार्च २०२२ मध्ये लंडनला ते टनाला ४५ हजार डॉलरच्याही पुढे गेले होते. त्याच वेळी शिसे टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास होते.

व्यापारी वाचकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. शिसेही पांढुरके, तेही मऊ, तेही सहज वितळणारे. कथलात शिसे मिसळले तर सामान्य गिऱ्हाइकाला कळत नाही आणि खर्च निम्मा होतो. त्यात आणखी एक मोह आहे. शिसे एकटे ३२७ अंशाला वितळते, पण कथलात मिसळले की ते मिश्रण १८३ अंशापासूनच पातळ होऊ लागते. म्हणजे कोळसा कमी, वेळ कमी आणि पसरायलाही सोपे. रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडची डाखाची तार हे बहुधा असेच मिश्रण असे. कमी अनुभवाच्या कारागिराचे कामही त्याने नीटनेटके दिसते. नुकसान होते ते जेवणाऱ्याचे. शिसे अंगात साठत जाते, लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि अमुक इतके शिसे चालेल अशी निर्धोक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही. अन्न कळकले तर माणूस त्याच रात्री ओकतो आणि सावध होतो. शिशाचे तसे नाही.

अमेरिकेतील कथलाची भांडी

हा प्रश्न आपल्याच गावातला नाही. कथलाच्या जिनसांत शिसे किती, यावर विलायतेत आणि अमेरिकेत दोन-तीनशे वर्षे भांडण चाललेले होते. त्यांची हकीकत मी वाचली तेव्हा ती मला आपल्या मोडीच्या व्यवहारासारखी वाटली, म्हणून येथे थोडी सविस्तर देतो.

अठराव्या शतकात अमेरिका इंग्रजांची वसाहत होती. तिथल्या मध्यम घरांत जेवणाची ताटे, वाडगे, चमचे, दारूचे पेले हे प्यूटरचे असत. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथीलच. त्याला कडकपणा यावा म्हणून थोडे तांबे, बिस्मथ किंवा अँटिमनी घालत, आणि स्वस्त मालात शिसे. आपण तांब्यावर कथलाचा मुलामा देतो, त्यांचे भांडे सबंध कथलाचे. चांदी श्रीमंतांची, लाकडी थाळी गरिबांची आणि प्यूटर मधल्यांचे.

कथलाच्या खाणी इंग्लंडात कॉर्नवॉलला होत्या. अमेरिकेतल्या वस्तीत कथील नव्हते. इंग्रज सरकारने अशी तजवीज केली की तयार भांडी अमेरिकेला सहज जावीत आणि कच्च्या कथलावर मात्र जकात बसावी. म्हणजे तिथल्या कारागिराने हात चोळत बसावे. आम्हा कापडवाल्यांना ही चाल ओळखीची आहे. १८९६ साली याच सरकारने मँचेस्टरच्या कापडाला त्रास नको म्हणून हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला होता. तो १९२५ पर्यंत चालला.

अमेरिकन कारागिरांनी यातून वाट काढली ती मोडीची. घराघरातली वाकलेली, चरे पडलेली ताटे विकत घ्यायची किंवा नव्याच्या बदली घ्यायची, वितळवायची आणि पुन्हा ओतायची. मऊ धातू, रोज सुरीचे घाव, त्यामुळे काही वर्षांत भांडे मोडीला येईच. याच कारणाने त्या काळच्या त्यांच्या भांड्यांपैकी फार थोडी शिल्लक राहिली. ओतायचे साचे पितळेचे किंवा काशाचे असत आणि ते इतके महाग पडत की बाप मेला तर मुलाला वारशात साचे मिळत. साचा बदलणे परवडत नसे, म्हणून ताटाची घडण पन्नास-पन्नास वर्षे तीच राही. ओतल्यावर चरकावर धरून तासायचे, काठाजवळ हातोडीने ठोकून घट्ट करायचे आणि पाठीवर आपला शिक्का उठवायचा.

शिक्क्याला तिथे फार महत्त्व होते. लंडनमध्ये कारागिरांची मोठी पंचायत होती. तिला पंधराव्या शतकातच राजाची सनद मिळालेली. पंचायतीचे लोक दुकानात शिरून माल तपासत. त्यांची तपासणी साधी होती. एकाच साच्यात शुद्ध कथलाची गोळी आणि संशयित मालाची गोळी ओतायची आणि तराजूत टाकायची. शिसे जड असते, गोळी जड भरली की चोरी उघड. अमेरिकेत अशी बलवान पंचायत नव्हती. तिथे कारागिराचे नाव हीच हमी. फिलाडेल्फियाचा विल्यम विल हा जर्मनीत जन्मलेला कारागीर १७९८ साली वारला. त्याच्या चहादाण्या आणि सुरया आज संग्रहालयांत आहेत. न्यूयॉर्कचा फ्रेडरिक बॅसेट, लँकेस्टरचा योहान क्रिस्टोफ हाइना, ही नावे आपल्याला माहीत आहेत ती केवळ शिक्क्यांमुळे. कनेक्टिकटमध्ये डॅनफोर्थ आणि त्यांचे नातेवाईक बोर्डमन या दोन घराण्यांनी तर शंभर वर्षांहून अधिक काळ हाच धंदा केला. बाप शिकवी, मुलगा-पुतण्या शिके आणि फेरीवाले घोडागाडीतून माल खेड्यापाड्यांत नेत. त्यातही लबाडी होतीच. काही अमेरिकन कारागीर आपल्या भांड्यावर 'लंडन' असा शिक्का मारत, कारण गिऱ्हाइकाला परदेशी माल हवा असे. आमच्या धंद्यात सुरतच्या तागावर 'इम्पोर्टेड'ची पट्टी लावणारे मी पाहिलेले आहेत, तेव्हा त्यांना हसण्याचा मला हक्क नाही.

पुढे चिनी मातीची आणि काचेची भांडी स्वस्त झाली आणि १८५० नंतर तो धंदा जवळजवळ बसला.

आपल्याकडे तेच काम आधी 'जर्मल'ने म्हणजे अॅल्युमिनियमने केले आणि मग स्टेनलेस स्टीलने. १९७० नंतर स्टील घराघरात शिरले. बोहारीण दारात येऊन जुन्या साड्यांवर स्टीलची वाटी देऊ लागली. आमच्या दुकानातून गेलेले कापड असे फिरून भांडे होऊन घरात येई. तांब्याची भांडी मोडीत गेली. आम्ही वडिलांच्या हयातीतच घरचे दोन हंडे आणि घंगाळ मोडीत दिले. स्टीलला कल्हई लागत नाही. चाचांचे भाते बंद पडले, मुलगा पुण्याला गेला.

तरी मोठ्या देगा राहिल्या. लग्नाच्या, वलीम्याच्या, उरुसाच्या जेवणाला शंभर-दोनशे माणसांचा पुलाव स्टीलच्या भांड्यात खाली लागतो, म्हणून आमच्या मोहल्ल्याने सामायिक चार तांब्याच्या देगा ठेवल्या आहेत. त्यांचा हिशेब बरीच वर्षे माझ्याकडे आहे.

एका साली कल्हईला कारागीर मिळेना. बाहेरून एक जण आला. त्याने नेहमीच्या दरापेक्षा निम्म्याने काम सांगितले. मी व्यापारी माणूस, दर ऐकून खूष झालो. आणखी पन्नास रुपये पाडूनच घेतले. कथील कोणते, हे विचारले नाही. काम छान दिसत होते. त्या देगांत दोन लग्नांचे जेवण शिजले. दुसऱ्या लग्नाला चाचा आले होते. म्हातारे झालेले, नजर अधू. त्यांनी देगेत हात घालून काठाशी अंगठा घासला, मग माझ्या खिशातली लग्नपत्रिका मागून तिची कोरी बाजू आत घासली. कागदावर पेन्सिलीसारखी काळसर रेघ उठली. ते काही बोलले नाहीत, पत्रिका तेवढी परत दिली. त्या दिवशी मांडवात पोरे किती होती, ते मी मोजत बसलो होतो.

देगा खरवडून, भट्टीत तापवून, जुना थर पुसून काढावा लागला आणि नव्याने कल्हई करावी लागली. मूळ खर्चाच्या अडीच पट पैसे गेले. ते मी हिशेबात न लावता स्वतः भरले. जेवण गेले ते मात्र परत आणता आले नाही.

ज्यांना कल्हई करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी चाचांकडून समजलेल्या खुणा येथे देतो. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर आतून करकर असा बारीक आवाज येतो. शिसे मुकाट वाकते. जितकी भेसळ जास्त तितका आवाज कमी. शिशाने कागदावर काळी रेघ उठते, चांगल्या कथलाने सहसा उठत नाही. शिसे कथलाच्या जवळजवळ दीडपट जड असते, तेव्हा एकाच मापाच्या दोन कांड्या तराजूत घातल्या तर फरक लगेच कळतो. या खुणांनी मोठी चोरी पकडली जाते. थोडी भेसळ मात्र प्रयोगशाळेतच कळेल. म्हणून कारागिराच्या कांडीवर अवलंबून न राहता कथील आपण स्वतः खात्रीच्या धातू व्यापाऱ्याकडून बिल घेऊन आणावे आणि कारागिराला मजुरी वेगळी द्यावी. यात त्याचीही सोय आहे. महाग कथलात त्याचे भांडवल अडकत नाही, आणि मजुरी पाडली की तो कथलातून भरून काढतो हेही बंद होते. माझ्या प्रकरणात मी पाडलेले पन्नास रुपये त्याने कुठून काढले, हे आता सांगायला नको.

खानावळ आणि केटरिंगवाल्यांनी कायद्याकडेही पाहावे. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत नीट कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे अन्नाला अयोग्य ठरवलेले होते. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही ते कलम तसेच आले. अधिकारी देगेत डोकावतो तेव्हा कल्हई आहे की नाही एवढेच पाहतो. कल्हई कशाची, हे तो सहसा पाहत नाही.

अलीकडे तांब्याची पुन्हा चलती झाली आहे. तांब्याच्या बाटल्या, तांब्याचे जग लोक आरोग्यासाठी घेतात. त्यांना आतून कल्हई नसते. साध्या पाण्याला ते ठीक, पण त्यात लिंबू सरबत किंवा ताक भरू नये. हॉटेलात टेबलावर येणारी तांब्याची हंडी बहुधा बाहेरून तांबे आणि आतून स्टील असते. तिला कल्हईची गरज नाही. गिऱ्हाइकाने फसू नये म्हणून सांगितले, दुकानदारावर राग नाही.

आता आमच्या देगांसाठी मी जालन्याहून कथील आणतो. परतूरला उतरून टेम्पोत टाकण्याआधी एक कांडी कानाशी धरून वाकवतो. टेम्पोवाला हसतो. कल्हईसाठी परभणीकडून एक तरुण कारागीर येतो. त्याच्याकडे भाता नाही, विजेवर चालणारा पंखा आहे. काम सुरू करण्याआधी कथील तोलतो, संपल्यावर उरलेले तोलतो आणि दोन्ही आकडे देगांच्या वहीत लिहितो. गेल्या खेपेची उरलेली अर्धी कांडी माझ्या गल्ल्यात सुट्या नाण्यांशेजारी ठेवलेली आहे.